सैल न केलेली तार

आमच्या बागेत कुणालाच पगार नाही. त्यामुळे वाटून घ्यायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मान. आणि त्यावरून जेवढी तोंडं वाकडी होतात तेवढी पगारावरून कुठल्या कचेरीत होत नसतील. बाग म्हणजे फुलांची नव्हे. फाटकावर ‘वृक्षउद्यान’ असं लिहिलेलं आहे, पण एवढा मोठा शब्द तोंडात धरून शनिवारी सकाळी घराबाहेर पडणं कुणाला जमत नाही, म्हणून बाग. पूर्वी तिथे मालगाडीचे रिकामे डबे उभे राहायचे. मग रूळ उखडून नेले, जमीन तशीच पडून राहिली, आणि आसपासच्या इमारतींमधल्या काही रिकामटेकड्यांनी ती झाडं लावायला मागून घेतली. त्या रिकामटेकड्यांत मीही होते. दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली माझा जन्म गेला. ‘आ करा’ आणि ‘चूळ भरा’ एवढ्या दोन वाक्यांवर मी निवृत्त झाले, तेव्हा बोलायचं पुष्कळ साठलेलं होतं.

बागेचे नियम कुणी कधी लिहून ठेवले नाहीत, पण ते मोडायची कुणाची छाती नाही. ज्याने झाड लावलं त्यानेच त्याच्यावर पाटी बांधायची, हा पहिला. दुसऱ्याच्या झाडाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा दुसरा. आमच्या अर्ध्या भांडणांचं मूळ या दुसऱ्या नियमात आहे, आणि मी सांगणार आहे त्या गोष्टीचंही.

पाटी म्हणजे पत्र्याची छोटी पट्टी, तिच्यावर झाडाचं नाव ठोकून उमटवलेलं. ती खिळ्याने मारत नाहीत. खोडाभोवती तार घालायची, दोन्ही टोकं एकमेकांत पिळायची आणि पुढे शेपूट लांब ठेवायचं. झाड जाड होतं, तार होत नाही. म्हणून दर पानगळीत बागभर हिंडून प्रत्येक तारेचा पीळ थोडा उलगडायचा आणि तिला सैल करायचं. तार कापायची मात्र नाही. कापलेली तार पुढच्या वर्षी पुरत नाही, आणि मग नवी मागायला कॅप्टनसमोर तोंड वेंगाडावं लागतं. कॅप्टन म्हणजे आमचे प्रमुख. जहाजाशी त्यांचा संबंध एवढाच की ते शाळेत भूगोल शिकवायचे. आता घडीच्या खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकतात.

पानगळीत कामं तुंबतात. पाचोळा ओढून जाळीच्या कुंपणात खताला टाकायचा. कोवळ्या झाडांच्या बुंध्यापाशी तो साचू द्यायचा नाही, नाहीतर उंदीर त्याच्या उबेला येऊन बसतात आणि साल कुरतडतात. रोपवाफ्यातली मोठी झालेली रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलून, गोणपाटात बांधून, कायमच्या जागी न्यायची. माझ्या वाट्याला बहुतेक पाचोळा ओढायचं दाताळं येतं. दातांशी माझं नातं असं काही सुटत नाही.

आणि तारा होत्या लिफ्टवाल्यांकडे.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींमध्ये लोक वर जाऊन खाली येत होते ते त्यांच्या जिवावर. स्वतः राहायचे सर्वांत वरच्या मजल्यावर आणि चढायचे जिन्याने. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, “मला आतलं सगळं माहीत आहे म्हणून.” हा त्यांचा एकमेव विनोद. तो ते हसून सांगायचे नाहीत, त्यामुळे तो विनोद आहे हे कळायला मला बराच काळ गेला. उंच, किंचित पोक आलेले, कोटाच्या खिशात कायम पक्कड. कुठल्याही इमारतीत शिरले की लिफ्टच्या दारापाशी क्षणभर थांबून कान द्यायचे, मग जिन्याकडे वळायचे. बोलणं मोजकंच. घरात बोलायचं खातं त्यांनी बायकोकडे सोपवलं होतं.

त्यांना बागेत आणलं ते त्या बायकोनेच, म्हणजे वहिनींनी. वहिनी पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायच्या. बुडणाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज त्यांनी कमावलेला होता, आणि तोच त्या सगळीकडे वापरायच्या. मी त्यांच्या नवऱ्याला भाऊ म्हणते म्हणून त्या वहिनी, त्या मला ताई म्हणायच्या, आणि त्यांची लेक मला मावशी म्हणते. या नात्यांचा हिशेब कुणी लावू नये, लागत नाही. वहिनींनी पहिल्याच वर्षी मागच्या भिंतीलगत एक मेपल लावला. बाकी बागेच्या तारा नवऱ्याच्या गळ्यात मारल्या आणि स्वतःच्या झाडाची तेवढी ठेवून घेतली. “यांच्या हातात दिलं की हे झाडालासुद्धा वंगण घालतील,” असं म्हणायच्या. दर पानगळीत नवऱ्याकडून पक्कड मागून घ्यायच्या आणि स्वतः जाऊन तार उलगडून पुन्हा पिळून यायच्या. भाऊंनी त्या तारेला कधी हात लावला नाही. नियम तो नियम.

अशाच एका पानगळीचं काम आटोपलं आणि वहिनी आजारी पडल्या. थंडी सरायच्या आत गेल्या.

पुढच्याच शनिवारी भाऊ बागेत हजर. आम्ही सगळे घसा साफ करून तयार होतो. कॅप्टनांनी तर दोन-तीन वाक्यं पाठ केली असावीत, कारण त्यांचे ओठ हलत होते. भाऊंनी कुदळ उचलली आणि विचारलं, “कुठल्या वाफ्यापासून धरायचं?” झालं. कॅप्टनांनी बोटाने वाफा दाखवला. पाठांतर वाया गेलं.

तेव्हापासून भाऊंचे दोन शब्द ठरलेले. काही बोललं की “हो ना”, काही सुचवलं की “बघू”. थंडी फार आहे. हो ना. वहिनी असत्या तर आज मजा आली असती. हो ना. लेकीकडे जाऊन राहा थोडे दिवस. बघू. सुरुवातीला लोक त्यांना रडवायच्या मागे लागले होते. मन मोकळं करा, आत ठेवू नका, आम्ही परके का. जणू भाऊंच्या डोळ्यांतून पाणी काढायचं कंत्राटच मिळालं होतं. मला या प्रकाराचा अतिशय राग यायचा. माणूस रडला की आपल्याला हायसं वाटतं, आपण त्याच्या पाठीवर हात फिरवतो आणि घरी जाऊन पोटभर जेवतो. भाऊ कुणाला ती सोय करून देत नव्हते. दगडालाही पाझर फुटेल म्हणणारे हळूहळू कंटाळले.

दवाखान्यात सुई टोचून हिरडी बधिर केली की आम्ही पेशंटला बजावायचो, घरी जाऊन लगेच खाऊ नका. कारण बधिर तोंडाने माणूस स्वतःचाच गाल चावतो आणि त्याला पत्ता लागत नाही. भाऊंकडे बघून मला ते आठवायचं. ते नीट जेवत होते, दाढी करत होते, तारा सैल करत होते. कुठे काही चावलं जातंय का, ते कळायला मार्ग नव्हता.

एक गोष्ट मात्र ते दर शनिवारी न चुकता करायचे. काम संपलं, हात धुतले, की मागच्या भिंतीकडे जाऊन वहिनींच्या झाडामागे उभे राहायचे. थोडा वेळ. मग घरी. ते तिकडे निघाले की आम्ही आपोआप पाठ फिरवायचो, उगाच बादल्या इकडच्या तिकडे करायचो. त्या कोपऱ्यात दुसरं कुणी फिरकायचं नाही. तिथला पाचोळासुद्धा मी ओढत नसे. त्यांचं झाड, त्यांचं दुःख, त्यांना एकटं राहू द्या, असं न बोलता ठरून गेलं होतं. आणि तारेचं तर विचारायलाच नको. बागेतली एकूण एक तार जो माणूस सैल करतो, तो बायकोच्या झाडाची आधी करणार नाही का? हे इतकं उघड होतं की कुणी जाऊन बघितलं नाही. आमच्याइतकी समजूतदार माणसं जमली की झाडाची धडगत नसते, हे मला नंतर कळलं.

त्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी पानगळ सुरू व्हायच्या आधीच वहिनींचं झाड लाल झालं.

बाकी सगळी बाग हिरवी. ओकचं पान हललं नव्हतं, बर्चला पिवळेपणाची नुसती चाहूल लागलेली, आणि मागच्या भिंतीपाशी ते एकटं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लालभडक. फाटकातून दिसायचं. रस्त्याने जाणारी माणसं थांबून आत यायची. कॅप्टन खुर्चीतून उठले, म्हणजे बघा. “वहिनींनी रंग पाठवलाय,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, आणि दरवेळी त्यांचा आवाज थोडा जड व्हायचा. एका बाईंनी त्याखाली बाळाचे फोटो काढले. भाऊंना बोलावून आणून दाखवलं. ते म्हणाले, “लवकर झालं.” एवढंच. लोकांना ते फार भावलं.

मग लेक आली. ती दुसऱ्या शहरात असते, नोकरी, दोन मुलं, धावतपळत आलेली. झाड बघून तिने तोंडावर हात धरला.

“मावशी, आईचं झाड बघा ना.” मग वडिलांकडे वळून, “बाबा, तुम्ही काय छान सांभाळलंत हो.”

“हो ना,” भाऊ म्हणाले.

तिला फोटो काढायचे होते. पर्स माझ्याकडे दिली आणि म्हणाली, “तुम्ही जरा झाडाच्या पलीकडे उभ्या राहा, मला फक्त झाड हवंय.” म्हणून मी पहिल्यांदा त्या झाडाच्या मागच्या बाजूला गेले. भिंत आणि खोड यांच्यामध्ये अंग चोरून उभी राहिले, आणि समोर, छातीच्या उंचीवर, मला ती तार दिसली. खरं तर दिसली नाही. दिसली ती तारेची जागा. खोडावर एक खोल घळ पडली होती आणि तिच्या वरची साल फुगून तिच्यावर आली होती, घट्ट अंगठीच्या वर बोट सुजतं तशी. बाहेर होता फक्त पीळ, बोटाच्या पेराएवढा, आणि पत्र्याची पाटी.

लेक म्हणत होती, “मुलांना पुढच्या वर्षी नक्की आणते. आजीचं झाड असं लाल होतं म्हणून दाखवते.” मी पर्स पोटाशी धरून उभी होते. बागेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं मलाही कळतं की एखादं झाड एकटंच, वेळेआधी लाल होतं तेव्हा ते खुशीने होत नाही. त्याला वरपासून खालपर्यंत काहीतरी पोचत नसतं. गळा आवळला की माणसाचा चेहराही लाल होतो, पण त्याला कुणी सुंदर म्हणत नाही.

लेक गेल्यावर मी कॅप्टनांना गाठलं. ते जाऊन बघून आले. परत आले तेव्हा होते त्याहून वयस्कर दिसत होते.

“यंदाच तार काढली तर कदाचित जगेल,” ते म्हणाले. “अजून एक उन्हाळा असाच गेला तर संपलं.”

“मग काढा.”

“मी? मी कसा हात लावू? त्यांचं झाड आहे.”

“मरायला लागलंय ते.”

“विचारायला पाहिजे त्यांना. तुम्ही विचारा. तुमचं ऐकतील.” म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची. भूगोल शिकवणाऱ्याला एवढा एक कोपरा सांभाळता येऊ नये, असं काहीतरी मी बोलले. तो कोपरा मीही सांभाळला नव्हता, हे त्यांनी दाखवून दिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

भाऊंचा एक डबा माझ्याकडे होता. तो परत करायच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेले. लिफ्टने. दार उघडलं तेव्हा बिजागरीचा आवाज नाही. आतलं दारही निमूट. स्वयंपाकघराचा नळ गळत नव्हता, कपाटाची खुंटी हलत नव्हती, खिडकीच्या काचेवर डाग नव्हता. असं घर मी दवाखान्याबाहेर पाहिलेलं नाही. रेडिओ लावलेला होता, पण इतका हळू की बोलणारा काय बोलतोय ते कळू नये. भाऊंनी चहा टाकला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

“भाऊ, वहिनींच्या झाडाची तार बघितलीत?”

“हो ना.”

“आत रुतली आहे.”

“माहीत आहे.” त्यांनी गाळणं शोधलं. “गेल्या पानगळीतच घट्ट दिसत होती. या उन्हाळ्यात साल वर आली.” दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीतल्या लिफ्टबद्दल सांगावं तसं ते सांगत होते.

“आणि तुम्ही काही केलं नाहीत?”

त्यांनी चहा गाळला. दोन्ही कप सारखे भरले आहेत की नाही ते वाकून पाहिलं. मग म्हणाले, “तो पीळ तिने घातलेला आहे, ताई.”

त्यांनी एक कप माझ्यापुढे सरकवला.

“कपडे लेकीने वाटून टाकले. चष्मा कुणाच्या तरी कामी येईल म्हणून दिला. साबणाची वडी होती तिची, ती मीच वापरली, संपली. पडदे धुतले. ती जे जसं ठेवून गेली होती त्या सगळ्यावरून माझा हात फिरला. फिरतोच. राहायचं म्हटल्यावर कशाला हात न लावता कसं राहणार? तेवढा तो पीळ राहिलाय. तिच्या हाताने झाला तसाच आहे अजून.”

मला वाईट वाटायला हवं होतं. नंतर वाटलंही. पण आधी आला तो राग, कारण मला सगळ्यात आधी नेहमी तोच येतो.

“अहो, त्यांनी लावलं ते झाड. तार झाडासाठी बांधली होती. झाड मेल्यावर तो पीळ घेऊन काय करणार आहात?”

“हो ना.”

“हो ना काय? कळतं पण वळत नाही अशी गत झालीय तुमची.” आणि मग जे विचारू नये ते मी विचारलं. “तुम्हाला काही वाटतं तरी का हो?”

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. दुखतंय का, असं विचारल्यावर काही पेशंट जिभेने एकेक दात चाचपून बघतात, तसा.

“नाही,” ते म्हणाले. “तेच तर आहे. काही वाटत नाही. ती गेली त्या दिवशी वाटलं नाही, नंतरही नाही. म्हटलं, उशिरा येत असेल. म्हणून शनिवारी तिथे जाऊन उभा राहतो. त्या पिळाकडे बघतो. म्हटलं, आलं तर इथेच येईल. येत नाही. मग घरी येतो.”

रेडिओवरचा माणूस हळू आवाजात काहीतरी समजावून सांगत होता. मी चहा प्यायले. दोन वर्षं आम्ही पाठ फिरवून बादल्या हलवत होतो ती या उभ्या राहण्यासाठी. आम्हाला वाटलं होतं, तिथे ते रडत असतील.

“तो सोडवला की मग कुठे जाऊन उभा राहू?” त्यांनी विचारलं.

“झाडापाशी,” मी म्हटलं.

“बघू.”

दारापर्यंत सोडायला आले. दार आवाज न करता मिटलं, आणि मी इतकी चिडले होते की सगळे मजले जिन्याने उतरले.

पुढच्या शनिवारी ते आले, सगळ्या बागेच्या तारा सैल केल्या, आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. खिशातली पक्कड खिशात. त्यानंतरच्या शनिवारी तेच. एव्हाना बाकीची झाडं पिवळी-तांबडी व्हायला लागली होती आणि वहिनींच्या मेपलखाली सगळी पानं उतरून पडलेली. फोटो काढणारे आता ओकपाशी जायचे. कॅप्टन माझ्याकडे बघायचे आणि मी दुसरीकडे. एकदा तर मी ठरवलं होतं की आपणच जावं, कचकन कापावी ती तार आणि होऊ द्यावं काय व्हायचं ते. गेले पण. पण कापणार कुठे? तार सगळी सालीच्या आत. बाहेर होता तो पीळच. त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

मग एका शनिवारी, काम सुरू व्हायच्याही आधी, भाऊ माझ्यापाशी आले. “ताई, जरा पाटी धरायला येता का?” म्हणाले. मी दाताळं टाकलं आणि त्यांच्या मागोमाग निघाले. काही विचारलं नाही. आदल्या रात्री लेकीचा फोन आला होता, मुलं आजीच्या झाडाचं चित्र काढतायत असं सांगत होती, एवढं त्यांनी वाटेत आपणहून सांगितलं.

झाड वाचलं का, असं हे ऐकणारा प्रत्येक जण मला विचारतो, आणि त्याच्यापुढचं मग नीट ऐकत नाही. म्हणून इथेच सांगून टाकते. वाचलं, पण अर्धं. भिंतीकडची बाजू वसंतात फुटलीच नाही, ती छाटावी लागली. राहिलेलं थोडं एका अंगाला कललेलं आहे, पण आहे. आता पुढचं ऐका.

पाचोळा ओला होता. भाऊ भिंत आणि खोड यांच्यामध्ये गुडघ्यांवर बसले, मी समोरून हात घालून पाटी उचलून धरली, म्हणजे पीळ मोकळा राहील. हवा इतकी गार की पत्रा बोटांना चिकटत होता. त्यांनी खिशातून पक्कड काढली, तोंडाची वाफ देऊन कोटाला पुसली. पीळ जरा वेळ पाहिला. मी म्हटलं, आता तरी काही येतंय का चेहऱ्यावर. नव्हतं. तारा सैल करताना नेहमी असायचा तोच चेहरा होता. पिळाची दोन टोकं त्यांनी पक्कडीत धरली आणि मनगट फिरवलं, बागेतल्या शेकडो तारांना फिरवलं तसं, सरावाने, न बघता.

सालीतून बारीक आवाज आला. घळीच्या कडेला ओल सुटली.

मला वाटलं, सुटतंय. त्यांनी आणखी अर्धा वेढा दिला. पाटी माझ्या बोटांतून खोडाकडे ओढली गेली, आणि तेव्हा आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की तार सैल होत नव्हती. आवळत होती.

भाऊ थांबले.

“उलटा आहे,” ते म्हणाले. “पीळ उलटा आहे.”

“मग दुसरीकडे फिरवा.”

त्यांनी फिरवलं नाही. पक्कड तशीच धरून ते पिळाकडे बघत राहिले. जवळून बघत होते, नाक टेकेल इतक्या.

“डावखुरी होती ती,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. होत्याच. शिट्टीची दोरी, दाताळं, चहाचा कप, सगळं डाव्या हातात. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

“मी विसरलो होतो.”

“अहो, सवयीने फिरला हात.”

“नाही, ताई. विसरलो होतो.” आवाज नेहमीचाच, सपाट. “आमचं टेबल भिंतीला लावलेलं. शेजारी शेजारी बसायचो. कोपराला कोपर लागायचं, म्हणून ती कायम माझ्या डाव्या हाताला बसायची. लग्न झाल्यापासून. कुणाकडे जेवायला गेलो तरी आधी मला उठवून जागा बदलायची, लोक हसायचे. आणि दोन वर्षं या पिळासमोर उभा आहे मी. दर शनिवारी बघतोय. तिच्या हाताचा म्हणून जपतोय. आणि तो कुठल्या हाताचा आहे, तेच मला दिसलं नाही.”

रडू आलं ते मला. दोन वर्षं सगळी बाग ज्याची वाट बघत होती ते असं भलत्याच डोळ्यांतून आलं, आणि दोन्ही हात पाटीत अडकलेले, त्यामुळे पुसताही येईना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले की वयामुळे असं होतं, मीसुद्धा परवा चावी विसरले होते. इतकं निरर्थक मी दवाखान्यातही कधी बोलले नसेन.

भाऊंनी पक्कड डाव्या हातात घेतली. तो हात बसेना. पक्कड दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी पीळ पकडला आणि उलट्या बाजूने अगदी थोडा फिरवला, मग पुन्हा थोडा. तार सुटायला लागली.

“हे एक तारेने सांगितलं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “आणखी काय काय विसरलोय, ते मला कसं कळणार?”

ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नव्हते. मला विचारत होते, आणि थांबून उत्तराची वाट बघत होते.